शहापूरच्या खडे बाजारातलं कापडाचं दुकान: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

सुरुवात झाली एकदाची. बेळगावच्या शहापूर खडे बाजारातलं जुनं कापडाचं दुकान, म्हणजे पुढं दुकान, वर माडी, मधे चौक, चौकाच्या पलीकडं स्वयंपाकघर आणि शेवटी हातमागाची खोली, असं एकाला एक लागून सरळ मागच्या बोळापर्यंत गेलेलं घर. रस्त्यावरनं बघितलं तर तोंड जेमतेम चौदा फुटांचं, आत शिरलं की संपतच नाही. मालक काकांनी सांगितलंय की पूर्ण मोजणी करा, नकाशे काढा, घराचा इतिहास जेवढा मिळेल तेवढा गोळा करा आणि मिरगाच्या आत जी दुरुस्ती होईल ती करा. भावकीत मतं दोन आहेत, काही जणांना पाडून खाली शटरचे गाळे आणि वर फ्लॅट पाहिजेत. काकांचं म्हणणं, आधी आपल्याकडं काय आहे ते तरी कळू दे, मग पाडायचं बोला. मला हे एकदम पटलं.

टीम छोटी आहे. मी मोजणी आणि साईट बघणार, आर्किटेक्चर कॉलेजची एक ताई ड्रॉइंग करणार, रिटायर झालेले एक सर मोडी वाचतात ते कागदपत्रं बघणार, शिवाय गवंडी मामा आणि सुतार अण्णा. ह्या दोघांना पहिल्या दिवसापासून सोबत ठेवायचं हे माझं ठरलेलंच होतं, कारण जुनं घर कसं उभं राहिलंय हे हाताला माहीत असणारी माणसं तीच.

आज फक्त फोटो आणि कच्चं स्केच. एक गोष्ट मात्र आत्ताच लिहून ठेवतो. बेळगावात जुनी इमारत म्हटलं की लोक किल्ला दाखवतात, किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, दाखवतात, सफा मशीद दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. रिसालदार गल्लीतलं भाटे यांचं घर जपलं गेलं कारण १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद तिथं राहिले होते. पण ज्या दुकानात कुणी थोर माणूस राहिला नाही, जिथं रोज फक्त कापड फाडलं आणि पैसे मोजले, त्याचं काय? शहापूर हे गावच मुळी माग, रंगारी, सोनार आणि सावकार यांच्यावर उभं राहिलं. मग इथला खरा वारसा देवळाएवढाच दुकानात पण आहे, आणि तो आपण गाळा गाळा करून घालवत चाललोय.

१९ जानेवारी

मोजणी. तळमजला झाला, माडी अर्धी राहिली.

दोन्ही बाजूच्या भिंती जांभ्या दगडाच्या, खाली दोन फूट जाड, माडीवर गेल्यावर दीड फूट. शेजारच्या घराशी सामाईक. पुढच्या बाजूला भिंतच नाही, कारण दुकानाला तोंड उघडं पाहिजे, त्यामुळं वरच्या माडीचं सगळं पुढचं वजन दोन सागवानी खांबांवर आणि त्यांच्यावरच्या एका तुळईवर आलंय. खांब काळ्या दगडाच्या तळखड्यावर बसवलेत, जमिनीला लाकूड टेकतच नाही, म्हणून एवढी वर्षं झाली तरी बुडखा कुजलेला नाही. खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडं आडवे हस्त आहेत, तेवढ्यानं तुळईचा मोकळा गाळा कमी होतो आणि ती वाकत नाही. वर कोरीव कमळ वगैरे आहे पण ते नंतरचं काम, आधी तो हस्त वजन उचलतो. ताईला मी म्हटलं ड्रॉइंगमध्ये नक्षीच्या आधी हे आलं पाहिजे.

ओटा. ओट्यावर आज बराच वेळ गेला. काळ्या दगडाचा, रस्त्यापासून अडीच फूट उंच. काकांना गादीवर बसायला सांगितलं आणि मी रस्त्यावर उभा राहिलो, तर दोघांचे डोळे बरोबर एका पातळीत आले. गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहून बोलू शकतं, पसंत पडलं तर पायरीवर टेकतं, सौदा मोठा असला तर चप्पल काढून आत गादीवर येतं. म्हणजे ओळखीच्या आणि खरेदीच्या तीन पायऱ्या त्या दगडात घातलेल्या आहेत. शिवाय कापडाचा रंग आतल्या अंधारात कळत नाही म्हणून लुगडं ओट्यावर आणून उजेडात उलगडून दाखवायचे, काका अजून तसंच करतात. पावसात रस्त्यावरनं वाहणारं पाणी आत येत नाही हा फायदा वेगळाच.

रस्ता रुंद करताना सगळ्यात आधी जातो तो ओटा. मग आतलं दुकान उघडं पडतं, पावसाचा मारा थेट खांबावर येतो आणि दहा वर्षांत लोक म्हणतात की इमारत धोकादायक झाली.

समोरच्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी विचारलंच, "काय मोजालायसा रे पोरांनो, पाडणार काय हे?" नाही म्हटलं तर चहा आला.

२ फेब्रुवारी

आजची नोंद फळ्यांची आहे आणि ती मोठी होणार.

दुकानाला शटर नाही. अजून जुन्या पद्धतीच्या सुट्या फळ्या आहेत, सकाळी एकेक काढून आत भिंतीला लावून ठेवायच्या आणि रात्री परत बसवायच्या. खाली उंबऱ्यात खाच आहे, वर तुळईच्या खालच्या पट्टीत खाच आहे. वरची खाच खोल आणि खालची उथळ. फळी तिरकी धरून आधी वर सरकवायची, मग खालचं टोक उंबऱ्यावर आणून सोडायचं, ती आपल्या वजनानं खाली बसते पण वरून सुटत नाही. मग बाजूला सरकवत न्यायची. शेवटची फळी रुंद आहे आणि तिला बिजागरीचं छोटं दार आहे, बाकी सगळं बंद करून माणूस त्या दारातनं बाहेर येतो. आतनं लोखंडी आडणा घातला की एकही फळी बाहेरनं उचलता येत नाही, कारण उचलायला वर जागाच राहत नाही. कुलूप फक्त त्या एका दाराला.

प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला वर आकडा कोरलाय, १ ते १४. अण्णांनी सांगितलं की आकडे नुसते क्रमासाठी नाहीत, प्रत्येक फळी तिच्या जागेवरच्या खाचेप्रमाणं रंधलेली आहे, ४ ची फळी ११ च्या जागेवर बसवून बघितली तर खरंच अडकली. फळ्या सागाच्या, फक्त ७ नंबरची फणसाची, पिवळसर, तिच्यावर आकडा कोरलेला नाही, काळ्या रंगानं रंगवलाय. म्हणजे मूळची कधीतरी गेली आणि दुसरी करून घातली. अण्णा म्हणाले ज्यानं कुणी केली त्यानं काम चोख केलंय, कड बघा.

मग खाली वाकून उंबऱ्याची खाच बघितली. डावीकडचं टोक झिजून पसरट झालंय, उजवीकडं मात्र कड अजून धारदार आहे. सगळ्या फळ्या डावीकडनं आत शिरतात आणि मग सरकत सरकत उजवीकडं जातात, त्यामुळं डाव्या टोकावरनं रोज चौदाच्या चौदा फळ्या गेल्या आणि उजव्या टोकाला रोज एकच पोहोचली. काका रोज बसवतात पण त्यांनी हे कधी बघितलं नव्हतं, ते पण गुडघ्यावर बसून बोट फिरवत बघत राहिले. हे ड्रॉइंगमध्ये एकास एक मापात काढायचं, ताईनं ट्रेसिंग घेतलंय.

पावसाळ्यात फळ्या फुगतात म्हणून चौदा फळ्या मिळून साधारण एक इंचाची ढील ठेवलेली आहे. उन्हाळ्यात त्या फटीतनं उजेडाच्या रेघा आत येतात. ही फट दोष समजून कुणीतरी पट्ट्या मारून बुजवायला सुचवलं होतं म्हणे, बरं झालं नाही केलं ते, पहिल्या पावसातच सगळं जाम झालं असतं.

९ फेब्रुवारी

माडी पूर्ण मोजून झाली. पुढचा सज्जा, मग एक लांब खोली, मग चौकावरची गॅलरी. कडीपाटाचं तक्तपोस, म्हणजे कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत, चांगलं आहे, पश्चिमेच्या कोपऱ्यात तीन कड्यांना वाळवी. अण्णांनी पटाशी घालून बघितली, दोन वाचतील, एक बदलावी लागेल. दुकानाचं तोंड पश्चिमेला असल्यामुळं पाऊस समोरनंच येतो, म्हणून पुढच्या पागोळ्या मागच्यापेक्षा जवळपास दुप्पट बाहेर काढलेल्या आहेत.

चौकातली विहीर अजून जिवंत आहे, पाणी बघितलं.

२३ फेब्रुवारी

घर किती जुनं? सगळे हेच विचारतात. चौकटीवर शक नाही, सन नाही. मग बांधकामातच शोधायला लागलो.

आधी कौलं. वरची थोडी उतरवून उलटी करून बघितली. बऱ्याच कौलांच्या पोटात मंगळूरच्या बासेल मिशन कारखान्याचा छाप आणि १८६५ हा आकडा. हा आकडा बघून घर १८६५ चं असं सांगणारे खूप भेटतात, पण ते तसं नसतं, १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं साल, ते नंतरच्या कौलांवर पण छापत राहिले. दुसरी काही कौलं कॉमनवेल्थ छापाची. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन-स्विस मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडं गेले, म्हणजे ती कौलं त्यानंतरची. थोडक्यात छप्पर किमान दोन वेळा शाकारलंय. आणि मागच्या पडवीवर अजून नळीची कौलं आहेत, गावठी कुंभारानं हातानं केलेली, ती बहुतेक सगळ्या घरावर आधी असणार.

मग मागाच्या खोलीत छताला एक लोखंडी गर्डर सापडला, चुन्याच्या थराखाली. पोतं घेऊन घासला तर अक्षरं वर आली, डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. ही कंपनी १८७५ च्या सुमाराची. टाटांचं पोलाद १९१२ पासून निघायला लागलं, त्याच्या आधी आपल्याकडं असले गर्डर विलायतेहूनच यायचे. पण एवढं जड लोखंड शहापुरात आणलं कसं? रेल्वे नसताना बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला, तिथनं घाट चढून बैलगाड्या. १८८८ ला मुरगाव बंदर ते कॅसलरॉक रेल्वे चालू झाली आणि पुढं सदर्न मराठा रेल्वेला जोडली, मग मंगळूरची कौलं काय आणि विलायती लोखंड काय, लोंढा जंक्शनवरनं सरळ बेळगाव स्टेशनात. माझा अंदाज असा की गर्डर आणि मंगळुरी कौलं हे दोन्ही रेल्वे आल्यानंतरचे.

पुढचे खांब मात्र त्याच्या आधीचे वाटतात. सगळे सांधे खाचेत खाच बसवून वरनं लाकडी खुंटी मारलेले, लोखंडी खिळा एक नाही. मागच्या भागात खिळे आहेत, आणि त्यात पण दोन जाती, लोहारानं घडवलेले चौकोनी आणि नंतरचे गोल तारेचे. म्हणजे घर एका झटक्यात बांधलं नाही, पुढनं मागं वाढत गेलं. आधी दुकान आणि माडी, मग चौकामागची घराची बाजू, मग धंदा वाढला तसा मागाच्या खोलीला मोठा गाळा पाहिजे झाला, मधे खांब नको म्हणून गर्डर. हा क्रम मला आता पक्का वाटतो.

सर म्हणाले १८८८ हे साल लक्षात ठेवा, त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्या दुकानातनं पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला, आणि १९१० ला ते बेळगाव सोडून कुंडलच्या माळावर गेले, तिथं किर्लोस्करवाडी झाली. बेळगावात आता रस्त्याला नाव आहे. एवढ्या मोठ्या गोष्टीची सुरुवात एका दुकानात झाली होती, आणि तरी दुकान जपायचं म्हटलं की लोक विचारतात त्यात काय एवढं.

८ मार्च

कागद. काकांच्या कपाटातनं तांबड्या फडक्यात बांधलेलं दप्तर निघालं, सर सकाळपासनं त्यात बसलेत.

शहापूर आणि बेळगाव आज एकच वाटतं पण तेव्हा मधे हद्द होती. बेळगाव १८१८ पासून इंग्रजांकडं, मुंबई इलाख्यात, आणि शहापूर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात. गल्ली ओलांडली की राज्य बदलायचं. कर वेगळा, कोर्ट वेगळं, म्हणून व्यापारी शहापुरात टिकून राहिले. १९४८ ला आजच्याच तारखेला, ८ मार्चला, सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. हे सगळं ह्या एका दप्तरात दिसतं. सगळ्यात जुनं खरेदीखत सांगली संस्थानच्या स्टँपवर, मोडीत. मग बाळबोध. मग मुंबई सरकारचा स्टँप. मग सिटी सर्व्हेचा उतारा, आणि अलीकडचे कागद कन्नडमध्ये. आम्हाला कन्नड वाचायला काकांच्या सूनबाईंनी मदत केली, त्यांचं शिक्षण कन्नड मीडियमचं. एक कागद सर वाचतात, पुढचा त्या, आणि सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर जुळला की दोघं खूश.

कामाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे चतुःसीमा. खरेदीखतात पश्चिमेस राजरस्ता, पूर्वेस बोळ, दक्षिणोत्तर शेजाऱ्यांच्या भिंती लिहिल्यात आणि ओट्यासह असा स्पष्ट शब्द आहे. म्हणजे ओटा रस्त्यावर अतिक्रमण करून वाढवलेला नाही, विकत घेतलेल्या जागेतलाच आहे. ह्या पानाचा चांगला स्कॅन काढून फाईलमध्ये सगळ्यात वर लावायचा.

कीर्दीच्या एका वहीत माडीच्या खर्चाचं पान सापडलं, पहिली पानं गेल्यामुळं वर्ष नाही. पण सागवान, चुना, गूळ, हिरडा, कौलं आणि कौलांच्या खाली रेल्वेचं भाडं, असा खर्च टाकलाय. रेल्वेचं भाडं! सर वाचून दाखवत होते आणि मी उठून उभाच राहिलो. आधीची माडी उतरवून किंवा उंच करून मंगळुरी छप्पर घातलं ते रेल्वेनंतर, हे आता लेखी झालं.

१८ मार्च

उद्या रंगपंचमी. बेळगावात धुळवडीलाच रंग होतो, आपल्या शहापुरात आणि वडगावात तो पंचमीला. आज सगळ्या फळ्या आत घेतल्या, खांबांना आणि तळखड्यांना जुनी पोती गुंडाळून वरनं प्लास्टिक. जांभ्याच्या उघड्या भागावर रासायनिक रंग पडला तर तो आत मुरतो, निघत नाही.

६ एप्रिल

चुना. हे काम मी कधीपासून वाट बघत होतो.

दक्षिणेच्या भिंतीला मागं कधीतरी कुणी ठेकेदारानं सिमेंटचा गिलावा केलाय, कमरेएवढा. वर चुना आणि खाली सिमेंट. बरोबर त्याच पट्ट्यात भिंत ओली, आणि सिमेंटच्या वरच्या कडेला पांढरं मीठ फुललंय. मामांनी छिन्नी लावून एक तुकडा काढला तर आख्खी थाळी सुटून आली आणि मागं जांभ्याचा भुगा, हातानं खरवडला तरी निघतोय. जांभा सच्छिद्र दगड, जमिनीतनं पाणी ओढतो आणि मोकळा असला की बाहेर सोडतो. वरनं सिमेंट लावलं की पाणी बाहेर पडायची वाट बंद, ते आत साठतं, क्षार वर येऊन दगडाचं तोंडच फोडतात. चुन्याच्या गिलाव्यातनं भिंत श्वास घेते असं मामा म्हणतात, आणि शास्त्र पण तेच सांगतं.

म्हणून सिमेंट सगळं काढायचं ठरलं. चुना लोकापूर-बागलकोटकडचा, कळीचा, तो आम्ही मार्चच्या सुरुवातीलाच टाकीत विरवून पाण्याखाली ठेवला होता. आता लोण्यासारखा झालाय. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांचा चुरा. सुरखीमुळं चुना ओल्या जागेत पण धरतो, नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा मामांनी त्यांच्या अंदाजानं घातला. माप विचारलं तर म्हणाले थापीला कसं चिकटतंय ते बघा. मी थापीचा व्हिडिओ काढून ठेवला, कारण हे माप वहीत लिहिता येत नाही आणि मामांच्या मुलानं हे काम शिकलेलं नाही, तो बंगळुरात ड्रायव्हिंग करतो.

भिंतीचा एक हात लांब भाग नमुना म्हणून केला. दिवसातनं चार वेळा पाणी मारायचं, पोतं ओलं करून लटकवायचं.

आतल्या भिंतीवर रंगाचे थर मोजले, ब्लेडनं एका इंचात हळूहळू उतरत गेलो. सगळ्यात वर डिस्टेंपर, मग पिस्ता, मग निळीचा चुना बऱ्याच थरांचा, मग पिवडी, आणि सगळ्यात खाली पांढरा चुना आणि जमिनीलगत कावेचा तांबडा पट्टा. तो तांबडा पट्टा परत करायचा असं मी सुचवलंय. काकूंना निळी पाहिजे, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा दुकान निळं होतं. निळीलाच माझा पाठिंबा आहे, वरचे थर पण घराचाच इतिहास आहेत.

१३ एप्रिल

संरक्षण मिळवायचं तर कायद्यात कुठं बसतो हे आज भावकीच्या बैठकीत सांगायचं होतं, त्याची टिपणं इथं.

केंद्राचा १९५८ चा पुरातत्त्व कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी, शंभर वर्षांची अट. कमल बस्ती आणि सफा मशीद त्यात येतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती शंभर मीटर नवं बांधकाम बंद आणि पुढचे दोनशे मीटर परवानगीनं. आमच्या दुकानाचा ह्याच्याशी संबंध नाही. कर्नाटकाचा स्वतःचा स्मारकांचा कायदा १९६१ चा, त्यातही चालतं दुकान घालणं अवघड. राहतो तो नगररचनेचा मार्ग. मुंबईनं १९९५ मध्ये हेरिटेज नियम केले, त्यात खासगी मालकीच्या इमारती पण श्रेणी देऊन यादीत घेतल्या, मालकाची मालकी आणि वापर तसाच ठेवून. कर्नाटकाच्या नगररचना कायद्यात हेरिटेज इमारतीची व्याख्या आहे, त्या दारानं जायचं. इंटॅक ही वारसा जपण्यासाठी काम करणारी १९८४ ची संस्था, तिच्या यादीला कायद्याचं बळ नाही, पण २००४ ची त्यांची सनद खास असल्या असंरक्षित इमारतींसाठीच आहे आणि त्यात गवंडी-सुतारांची जिवंत विद्या हाच वारसा मानलाय. ते कलम मी बैठकीत वाचून दाखवलं, मामा शेजारीच बसले होते.

चुलत भावांचा प्रश्न सरळ होता, यादीत गेलं की खिळा मारायला पण परवानगी, मग आमची मुलं काय करणार? प्रश्न खरा आहे. मी एवढंच सांगितलं की आपण अर्जात कशाला हात लावायचा नाही ते नेमकं लिहू. ओटा, दोन खांब, तुळई, फळ्या आणि खाच, गादीची जागा, चौक. एवढं राखलं की मागचं स्वयंपाकघर, बाथरूम, वायरिंग, माडीवर एसी सुद्धा करता येईल. उलट नुसतं तोंड ठेवून मागं काँक्रीट उभं करणं मला अजिबात मान्य नाही, तसं बरेच जण करतात आणि त्याला हेरिटेज म्हणतात. फळ्यांच्या मागं गादी नसेल, गादीच्या मागं चौकातला उजेड नसेल, तर त्या फळ्या कुणी रोज काढणार-घालणार नाही, आणि न वापरलेलं लाकूड आपल्या पावसात पाच वर्षं पण टिकत नाही. हे दुकान आजवर टिकलं ते रोज उघडलं म्हणून. पागोळी तुटली की त्याच दिवशी दिसते, कौल सरकलं की ठाणावर थेंब पडतो आणि कुणीतरी ओरडतं.

मोठ्या भावांनी फळ्यांचं ड्रॉइंग हातात घेऊन बराच वेळ बघितलं. निर्णय झाला नाही, पण पाडायचा विषय आज कुणी काढला नाही.

४ मे

वाळवीची कडी बदलली. नवं लाकूड अण्णांनी पाडलेल्या एका जुन्या घराच्या सागातनं घेतलं, नवीन सागाला तेवढी भर नसते. जुन्या कडीचं चांगलं टोक कापून ठेवलंय, ७ नंबरच्या फळीला खालनं सांधा द्यायला उपयोगी पडेल.

दक्षिणेची भिंत निम्मी झाली. नमुन्याच्या भागावर मीठ परत आलेलं नाही.

शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीला सज्जावर दरवर्षी पन्नासेक माणसं उभी असायची. यावर्षी काकांना विनंती केली की वीसच्या वर सोडू नका, दोन हस्तांना तडा आहे. त्यांनी स्वतः जिन्यात खुर्ची टाकून बसून मोजून सोडली. हस्तांना आता लोखंडी पट्टीचा आधार द्यायचा, पण पट्टी आतल्या बाजूनं, बोल्ट काढता येईल असा, लाकूड न कापता.

२५ मे

वळीव दोनदा होऊन गेला. शाकारणी पूर्ण. चांगली जुनी मंगळुरी कौलं सगळी पश्चिम उतारावर एकत्र केली, कमी पडली ती खानापूरकडची घेतली आणि ती मागच्या उतारावर, म्हणजे कुठली कुठं आहेत हे पुढच्या माणसाला कळेल. नळीच्या कौलांची पडवी तशीच ठेवली, फक्त परतून घेतली. चौकात उजेड कमी पडायचा तिथं दोन काचेची कौलं.

मागाच्या खोलीत गर्डर गंज काढून रंगवला, अक्षरांवर रंगाचा पातळ हात, वाचता यावीत म्हणून. त्या खोलीत पूर्वी खड्डामाग होते, शहाबादी फरशी उचलल्यावर विणकराचे पाय सोडायचे दोन खड्डे भरून टाकलेले दिसले. आजी (काकांच्या आई) खुर्चीवर बसून सांगत होत्या की मागचा बोळ सकाळी मोकळाच नसायचा, सूत ताणून पांजणी, म्हणजे सुताला खळ लावायचं काम, चालायची, शाळेला जाताना सुताच्या खालनं वाकून जायला लागायचं. कोण कुठं बसायचं, कुठला माग कुणाचा, सगळं त्यांनी हातानं दाखवलं आणि ताईनं प्लॅनवर तसं मांडलं. मग आजींना झोप आली. उरलेलं पुढच्या वेळी विचारायचं, लवकर विचारायचं.

एक खड्डा भर काढून उघडा ठेवावा आणि वर जाड काच टाकावी असं ताईचं म्हणणं. मला वाटतं काच नको, लाकडी झाकण पुरे, माग परत बसवायचा कुणी विचार केला तर खड्डा वापरता आला पाहिजे.

११ जून

पाऊस लागला. जिन्याजवळ एका जागी गळतंय, वळचणीचं पन्हाळ उलट्या उतारावर बसलंय, उघडीप मिळाली की मामा काढून परत बसवतील. बाकी छप्पर कोरडं. दक्षिणेच्या भिंतीचा वरचा उरलेला भाग दिवाळीनंतर, पावसात चुना करायचा नाही.

फाईल तयार झाली: नकाशे, फळ्यांचं एकास एक ड्रॉइंग, सांध्यांचे तपशील, कौलांच्या आणि गर्डरच्या छापांचे फोटो, खरेदीखताचं मोडी पान आणि त्याचं बाळबोध लिप्यंतर, रंगाचे थर, आजींच्या आठवणी प्लॅनवर. अर्ज कन्नडमध्ये सूनबाईंनी लिहून दिला, मराठी प्रत सोबत. अर्जावर काकांच्या सहीखाली मोठ्या भावांची पण सही आहे, धाकट्यांनी अजून वेळ मागितलाय.

राहिलेलं काम: हस्तांच्या पट्ट्या, पन्हाळ, ७ नंबरच्या फळीचा सांधा, ओट्याच्या उत्तरेकडच्या खचलेल्या दगडाखाली चुन्याची भर, मामांच्या चुन्याच्या व्हिडिओंना नावं घालून दोन ठिकाणी कॉपी ठेवणे. शेजारच्या दुकानदारांनी त्यांच्या फळ्या बघायला बोलावलंय, त्यांच्याकडं सोळा आहेत आणि आकडे मोडीत कोरलेत म्हणे. सरांना घेऊन जायचं.